ड्रायव्हरच्या बाजूच्या चादरी

"चादरी उतरवा," असं क्लबवाल्यांनी ताईंना आधी गोडीगुलाबीने सांगितलं, मग आवाज चढवून सांगितलं, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून कुंपणाशी येऊन सांगितलं. प्रत्येक वेळी ताईंचं उत्तर तेच.

"वाळल्या की उतरवते."

"पण ताई, तुम्ही रोज नव्या ओल्या घालता."

"मग काय, लॉन्ड्री बंद करू?"

ताईंची लॉन्ड्री रुळांना खेटून होती. पुढच्या खोलीत धुलाईची मशीनं, त्यांच्यामागे इस्त्रीचं टेबल, वरच्या मजल्यावर धाकटा भाऊ आणि भावजय यांच्या खोल्या, आणि मागे लांबलचक आवार, थेट रेल्वेच्या तारेच्या कुंपणापर्यंत. त्या आवारात दोऱ्याच दोऱ्या. इस्पितळाच्या आणि लॉजच्या पांढऱ्या चादरी तिथे वाळत असायच्या. ताईंनी लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "इतक्या लोकांच्या चादरी धुते, एकाच्याच जन्मभर धुवायचा कंटाळा आला असता." विचारणारा पुन्हा विचारत नसे.

धाकटा मालगाडीचा ड्रायव्हर. सकाळी भरलेली गाडी घेऊन डेपोतून निघायचा, लॉन्ड्रीमागच्या वळणावरून उगवतीकडे जायचा आणि परत यायचा तेव्हा दिवेलागण कधीच होऊन गेलेली असायची. त्याचं इंजिन जुनं, काळपट निळं, चढावर धापा टाकणारं. शेडमध्ये सगळे त्या इंजिनाला म्हातारी म्हणत. म्हातारीला आता भंगारात काढायचं ठरलं होतं, आणि धाकट्याच्या निवृत्तीचाही नेमका तोच दिवस निघाला होता. "दोघांना एकदमच मोडीत काढतायत," असं तो जेवताना म्हणाला. एवढं लांब वाक्य तो बऱ्याच दिवसांनी बोलला होता, म्हणून घरात सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

चादरींचं भांडण मात्र त्या जेवणाच्याही आधीपासूनचं. त्याची सुरुवात झाली क्लबच्या प्रदर्शनात.

क्लब म्हणजे मालगाड्यांच्या इंजिनांचे फोटो काढणाऱ्यांचा. अध्यक्ष चष्म्याच्या दुकानाचे मालक, त्यांना सगळे चष्मेवाले म्हणत. बाकी शिंपी, गणिताचे मास्तर, बँकेतले काही लोक, असा गोतावळा. सुट्टीच्या दिवशी सकाळी ही मंडळी गळ्यात कॅमेरे अडकवून रुळांच्या पलीकडे, उन्हाच्या बाजूला उभी राहायची. त्यांचे नियम सगळ्यांना तोंडपाठ होते. सूर्य पाठीशी हवा. इंजिनाचं नाक उजळ, कूस उजळ. भर दुपारी कॅमेरा बाहेर काढायचा नाही, कारण ऊन डोक्यावर आलं की छपराची सावली काचांवर उतरते आणि चाकं काळोखात बुडून जातात. सूर्याकडे तोंड करून उभं राहायचं नाही, इंजिनाचा नुसता कोळसा होतो. ताईंना यातलं काहीच खोटं वाटत नव्हतं. त्या स्वतः क्लबात होत्या. बंद पडलेल्या स्टुडिओतून घेतलेला कॅमेरा घेऊन त्याही पलीकडे जाऊन उभ्या राहायच्या आणि मास्तरांच्या बरोबरीने ढगांना शिव्या द्यायच्या.

त्या वर्षीच्या प्रदर्शनात हॉलभर म्हातारी होती. वळणावरची म्हातारी, धुक्यातली म्हातारी, पुलावरची म्हातारी. फोटो चांगले होते, ताईंनी तसं बोलूनही दाखवलं. मग त्यांनी एकेका फोटोला नाक लावून बघायला सुरुवात केली आणि सगळा हॉल फिरून त्या चष्मेवाल्यांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"यात गाडी चालवतंय कोण?"

"म्हणजे?"

"एकाही फोटोत ड्रायव्हर नाही. खिडकीत कुठे असिस्टंटची मान दिसते, कुठे तीही नाही. माझा भाऊ कुठे आहे?"

चष्मेवाल्यांनी समजावणीचा सूर लावला. "ताई, ड्रायव्हर डाव्या अंगाला बसतो. सकाळी ती बाजू सावलीत, तुमच्या आवाराकडे. आपण उभे उन्हाच्या बाजूला. तो येणार कसा? आणि खरं सांगू का, माणूस आला की चित्र बिघडतं. बघणाऱ्याची नजर इंजिनावरून घसरते."

ताईंच्या डोक्यात तिडीक गेली. थंडी म्हणू नका, ताप म्हणू नका, हा पोरगा अंधारात उठून जातो, अख्खी मालगाडी ओढून नेतो, आणि हे म्हणतात चित्र बिघडतं! जगात म्हातारीचे एवढे फोटो निघाले आणि ती जणू आपली आपणच चालत होती. घरीही धाकट्याचा कामावरचा एक फोटो नव्हता. लग्नातला होता, त्यात तो घाबरलेला दिसत होता. ताईंनी तिथल्या तिथे ठरवलं, म्हातारी भंगारात जायच्या आत धाकट्याचा चेहरा त्या खिडकीत पकडायचा. आणि तो सावलीच्या बाजूने, म्हणजे आपल्याच आवारातून.

ठरवणं सोपं होतं. पहिल्या फोटोत धाकट्याच्या जागी तव्याचं बूड आलं. कॅमेऱ्याचं असं असतं, की समोर लख्ख आकाश दिसलं की तो उजेड आवरायला बघतो आणि सावलीतल्या माणसाचं तोंड काळं करतो. मग ताईंनी आकाशाचा नाद सोडला आणि नुसत्या सावलीचा उजेड धरून कॅमेरा लावला. तोंड आलं, पण राखेसारखं, डोळे टोपीच्या सावलीत गडप. एकदा त्यांनी फ्लॅश मारला. नंबरप्लेट आरशासारखी चमकली, काचेत पांढरा गोळा उठला आणि रात्री धाकटा हातपाय न धुताच समोर येऊन उभा राहिला.

"ताई, चालत्या गाडीत ड्रायव्हरच्या डोळ्यांवर उजेड मारतात का?"

ताई खाली मान घालून बसल्या. चूक ती चूकच होती, आणि ती त्यांनी पुन्हा केली नाही.

वाट सापडली ती धाकट्याच्याच कुरकुरीतून. एकदा इस्पितळाच्या चादरी ढिगाने आल्या आणि ताईंनी सगळ्या दोऱ्या भरून टाकल्या, अगदी कुंपणापर्यंत. त्या सकाळी म्हातारी गेली तेव्हा तिची काळोखी कूस अशी उजळली, की चाकांवरचे बोल्ट दिसले. रात्री धाकटा म्हणाला, "सिग्नलच्या बाजूच्या दोरीवर चादरी घालू नकोस. डोळ्यांवर येतात."

"आणि बाकीच्या दोऱ्या?"

"बाकीच्या असू देत."

ताईंना झोप आली नाही. ऊन पलीकडून येतं, चादरींवर पडतं आणि चादरी ते उलट धाकट्याच्या तोंडावर टाकतात. म्हातारी येते तेव्हा तिची सावली तिच्या मागे पडते, म्हणजे पुढच्या चादरी शेवटपर्यंत उन्हातच राहतात. आवार आपलं, दोऱ्या आपल्या, चादरी आपल्याच हातच्या धुतलेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सिग्नलकडची दोरी सोडवून टाकली आणि बाकीच्या आणखी ताणून बांधल्या.

शेवटच्या फेरीच्या आदल्या संध्याकाळी क्लबवाले कुंपणाशी आले ते याच चादरींसाठी.

"उद्या लांबलांबून माणसं येणार आहेत," चष्मेवाले म्हणाले. "म्हातारीचा शेवटचा फोटो, आणि तिच्या नाकापुढे कुणाकुणाची अंथरुणं!"

"धुतलेली आहेत. वाळली की उतरवते."

"ताई, थट्टा नको. एक दिवस. फक्त एक सकाळ."

"तीच सकाळ मलाही हवीये. तुमच्याकडे म्हातारीचे हॉलभर फोटो आहेत. माझ्याकडे माझ्या भावाचा एकही नाही. उद्यानंतर तो त्या खिडकीत बसणार नाही. आता तुम्हीच सांगा, कुणी सरकायचं?"

शिंपी जमिनीकडे बघू लागले. चष्मेवाले मात्र तयारीने आले होते. "मग मला शेडच्या साहेबांकडे जावं लागेल. या चादरींनी ड्रायव्हरचे डोळे दिपतात. असली गोष्ट खपवून घेता येत नाही."

ताईंनी चटकन फाटकाकडे बघितलं. कारण डोळ्यांवर येतात, हे वाक्य खरंच बोललं गेलं होतं, आणि बोलणारा त्याच वेळी डब्याची पिशवी हातात घेऊन फाटकातून आत येत होता. त्या दिवशी त्याला लवकर सोडलं होतं. चष्मेवाल्यांनी त्यालाच गाठलं.

"तुम्हीच सांगा. डोळे दिपतात की नाही?"

सगळे धाकट्याकडे बघत राहिले. त्याने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, आवारावर नजर फिरवली, सिग्नलकडच्या रिकाम्या खांबापाशी ती जरा थांबली.

"सिग्नल स्वच्छ दिसतो," तो म्हणाला. "चादरी राहू द्या."

एवढं बोलून तो वर निघून गेला. ताईंना त्याच्या मागे धावत जाऊन त्याच्या पाठीत एक प्रेमाचा धपाटा घालावासा वाटला, पण समोर क्लब उभा होता. त्यांनी नुसतं फाटक लावून घेतलं. नंतर जिन्याखालून वर ओरडून सांगितलं, "उद्या टोपी घालू नकोस रे! डोळ्यांवर सावली पडते!"

सकाळी फटफटायच्या आत ताई आणि भावजय आवारात होत्या. मशीनमधून निघालेल्या चादरी झटकून झटकून त्यांनी सगळ्या दोऱ्या भरल्या. गाडी यायची ती ऊन चांगलं वर आल्यावर, तोपर्यंत चादरी खडखडीत वाळतील, असा हिशेब होता. वारंही बरं होतं. पलीकडे क्लबवाले जमायला लागले होते. पाहुणे धरून चांगलीच गर्दी झाली, स्टुलं आली, कॅमेऱ्यांच्या तिकाटण्या उभ्या राहिल्या. जो तो पुढे सरकत सरकत रुळांजवळ येऊन उभा राहिला होता.

आणि डेपोच्या बाजूने हॉर्न वाजला.

"हे काय?" भावजय म्हणाली. "एवढ्यात?"

नंतर कळलं, की शेडच्या साहेबांना कुठल्याशा मीटिंगला जायचं होतं, म्हणून निरोपाचा कार्यक्रम आटोपता घेऊन गाडी लवकर सोडली. पण त्या क्षणी ताईंना दिसत होत्या त्या फक्त चादरी. करड्या, जड, ओल्या. ओली चादर पांढरी नसते, हे ज्याने जन्मभर चादरी वाळवल्या त्यालाच कळतं. ओल्या कापडातून ऊन आरपार निघून जातं, परत फिरत नाही. ताईंनी कॅमेऱ्यातून दोरीकडे बघितलं आणि कॅमेरा खाली घेतला. एवढं भांडण केलं, सगळ्यांशी वाकडं घेतलं, आणि शेवटी धाकट्याचं तोंड राखेचंच येणार.

"वन्सं, लॉजच्या!" भावजय ओरडली.

"कुठल्या लॉजच्या?"

"इस्त्रीच्या! गठ्ठा बांधून ठेवलाय ना!"

"अगं, आज पोचवायच्यात त्या."

भावजय ऐकायला थांबली नाही. एरवी घडीला घडी जुळली नाही तर अख्खी चादर पुन्हा इस्त्री करणारी ही बाई. ती आत पळाली, पोटाशी गठ्ठा धरून बाहेर आली, दाताने गाठ सोडली आणि कडक इस्त्रीच्या कोरड्या चादरी ओल्यांवर फेकायला लागली. "मरू दे ती घडी!" ती म्हणत होती. "मरू दे, मरू दे!" ताईंनी कॅमेरा गळ्यात मागे टाकला आणि त्याही फेकायला लागल्या. चिमटे लावायला वेळ नव्हता. दोघींनी भराभर टोकं ओढली, आणि आवार एकदम पांढरं झालं.

पलीकडे चष्मेवाले हात हलवून काहीतरी ओरडत होते. ताईंनी तिकडे बघितलं आणि त्यांना वेगळंच दिसलं. गाडी लवकर आल्यामुळे सूर्य अजून खाली होता, आणि सगळ्यांच्या पाठीशी होता. त्यांच्या लांबच लांब सावल्या खडी ओलांडून रुळांवर पसरल्या होत्या.

"मागे सरका!" ताईंनी तोंडाशी हात धरून ओरडून सांगितलं. "तुमच्या सावल्या रुळावर पडल्यात! गाडीवर येतील!"

"तुम्ही आधी चादरी उतरवा!" तिकडून उत्तर आलं.

"वाळल्या की!" ताई म्हणाल्या आणि कॅमेऱ्याकडे वळल्या.

आता वेळ नव्हता. त्यांनी आपला तळहात चादरींच्या उजेडात धरला, त्यावरून उजेड जोखून कॅमेरा लावला आणि आकाशाला सांगितलं, तू पांढरं फटक पडलंस तरी चालेल. वळणावरून म्हातारीचं नाक बाहेर आलं. पाठोपाठ तिची ती काळोखी, कुणी न टिपलेली बाजू आली आणि चादरींच्या समोर येता येता उजळत गेली. आधी पायऱ्या, मग दांडा, मग खिडकी.

खिडकीत धाकटा बसला होता. टोपी नव्हती. केस पाणी लावून चापून बसवले होते. कोपर खिडकीच्या कडेवर टेकलेलं होतं आणि तो ताईंकडे बघत नव्हता, हसत नव्हता, चादरींकडेही बघत नव्हता. डोळे पुढे सिग्नलवर, जबडा घट्ट, कपाळावर एक आठी. मागे अख्खी गाडी आहे हे ज्याला ठाऊक आहे अशा माणसाचा तो चेहरा होता, आणि घरातल्या कुणी तो कधी पाहिला नव्हता. ताईंनी बटण दाबलं. मग म्हातारी पुढे गेली, मालाच्या वाघिणी खडखडत राहिल्या आणि ताईंना कॅमेऱ्यातून काही दिसेना, कारण डोळे भरून आले होते.

लॉजवाल्याला चादरी संध्याकाळी मिळाल्या. त्याने जे ऐकवलं ते भावजयीने मान डोलवून ऐकून घेतलं.

क्लबवाल्यांचे फोटो धुऊन आले तेव्हा म्हातारीच्या उजळ कुशीवर ओळीने डोकी उमटलेली होती. तिकाटण्यांचे पाय होते, मास्तरांचं टक्कल ओळखू येत होतं, आणि मधोमध, अगदी नंबरावर, कोपर वर करून उभे असलेले चष्मेवाले. ताई हसल्या. खोटं कशाला बोलायचं, चांगल्या पोट धरून हसल्या.

पण प्रदर्शनात ताईंचा फोटो काही लागला नाही. चष्मेवाल्यांनी तो नाकाजवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला.

"कूस सावलीत. आकाश जळालेलं. नियमात बसत नाही, ताई."

"चेहरा बघा की."

"तोच तर प्रश्न आहे. यात विषय इंजिन नाही. माणूस आहे."

"बरोबर ओळखलंत," ताई म्हणाल्या आणि फोटो परत घेऊन निघाल्या. त्या घरी न जाता थेट दुकानांच्या पाट्या छापणाऱ्याकडे गेल्या.

तो फोटो फ्लेक्सवर छापून आला तेव्हा दुहेरी चादरीएवढा होता. ताईंनी आणि भावजयीने तो कुंपणाजवळच्या दोरीवर, रुळांकडे तोंड करून टांगला. भावजय मग वळसा घालून पुढे गेली आणि नुसती उभी राहिली. "हे कामावर असे दिसतात?" ती म्हणाली. "मला वाटायचं, घरी असतात तसेच पेंगत असतील." आणि ती पदराने डोळे पुसायला लागली. धाकटा पायात चपला अडकवून खाली आला, स्वतःच्या एवढ्या मोठ्या तोंडासमोर थांबला आणि त्याने केसांवरून हात फिरवला.

"टोपी घालायला हवी होती," तो शेवटी म्हणाला.

तेवढ्यात सकाळची मालगाडी आली. नवं इंजिन, चकचकीत, आणि खिडकीत कधीकाळी धाकट्याच्या हाताखाली असिस्टंट असलेला ड्रायव्हर. त्याने फ्लेक्स बघितला, त्याखाली उभा असलेला धाकटा बघितला, आणि वळण संपेपर्यंत हॉर्न वाजवला. धाकट्याचा हात आपोआप वर गेला, हॉर्नच्या दांड्याकडे जायचा तसा. तिथे दांडा नव्हता, दोरी होती, चादरींची. त्याने ती घट्ट धरून ठेवली.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी चष्मेवाले एकटेच रूळ ओलांडून कुंपणाशी आले. त्या सकाळी त्यांनी नव्या इंजिनाचे फोटो काढले होते. सूर्य पाठीशी होता, नाक उजळ होतं, कूस उजळ होती, आणि या वेळी सगळे नीट मागे सरकून उभे होते. पण ज्या माणसाला त्यांनी फ्रेमबाहेर ठेवलं होतं तो आता प्रत्येक फोटोत, इंजिनाच्या नाकापुढे, उघड्या डोक्याने, कपाळाला आठी घालून सिग्नलकडे बघत होता. कुठूनही उभं राहिलं तरी तो यायचाच.

"ताई," ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "हा फ्लेक्स कधी उतरवणार?"

"वाळला की," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी त्याला आणखी दोन चिमटे लावले.